दीडशेचा गोळा

"ताई, चपला."

मी चपला काढल्या. आमच्या कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनमध्ये चिखलाचे बूट घालून गेलं तरी चालायचं, पण संगणकाच्या लॅबमध्ये चप्पल म्हणजे महापातक. आत बारा मशीन होती आणि बाराही मशीनना गुरवमामींनी घरी शिवलेली फुलाफुलांची टोपडी होती. शंकर गुरव, म्हणजे लॅबचे अटेंडंट गुरवमामा, ती सकाळी एकेक करून उतरवायचे, संध्याकाळी चढवायचे आणि दर सोमवारी दारात उदबत्ती लावायचे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या देवपूजा. देव बदलला, एवढंच.

"आज कितीचा काढणार?" मामांनी विचारलं.

"दीडशेचा."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "एकशेवीस ठेवा की, ताई."

शहाण्णव सालचा एप्रिल. शेवटच्या वर्षाची कॉम्प्युटर ग्राफिक्सची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. कॉलेज सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर होतं. तिथल्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना एके दिवशी साक्षात्कार झाला की उसापेक्षा इंजिनिअरला पाणी कमी लागतं, आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज उभं राहिलं. तिथे मी, विद्युल्लता शेटे, वर्गात पहिली होते. हे मी सांगायची गरज नव्हती, पण तेव्हा मी ते सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे सवय राहिली आहे.

परीक्षेत गोळा काढायचा असे. संगणकाच्या पडद्यावर, एका बाजूने उजेड पडलेला, दुसऱ्या बाजूला काळा होत गेलेला, खराखुरा वाटणारा गोळा. तो एकदम निघत नाही. आधी मनातल्या मनात एक चौकोन धरायचा. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला विचारायचं, बाबा रे, तू मध्यापासून किती लांब? त्रिज्येच्या आत असलास तर दिव्याकडे तुझं तोंड किती, पाठ किती? त्यावरून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा एक रंग ठरवायचा आणि तो ठिपका लावायचा. मग पुढचा ठिपका. दीडशे त्रिज्येचा गोळा म्हणजे चौकोनात नव्वद हजार ठिपके, आणि आमची मशीन अशी की पाच मिनिटं लागायची. तेवढ्यात कारखान्याच्या कँटीनला जाऊन चहा पिऊन येता यायचं.

आता हा गोळा आमच्याकडे कुणी काढत नसे. पहिल्या बॅचच्या कुण्या मुलाने तो एकदा काढला होता आणि त्याचा प्रोग्राम फ्लॉपीवरून दरवर्षी पुढच्या बॅचकडे जायचा. मुलं त्यातली नावं बदलत, सुरुवातीला स्वतःचा रोल नंबर टाकत आणि जर्नलमध्ये 'उद्दिष्ट : गोल वस्तूवरील छायाप्रकाशाचा अभ्यास' असं सुवाच्य अक्षरात लिहीत. फक्त त्रिज्येच्या एकशेवीसला कुणी हात लावत नसे. का, ते कुणाला माहीत नव्हतं. का, हे विचारायची आमच्याकडे पद्धतही नव्हती.

मी मात्र गोळा स्वतः लिहिला होता. लायब्ररीतलं पुस्तक घेऊन, कागदावर गणित मांडून, कुणाची फ्लॉपी न घेता. लॅबचा वेळ आठवड्याला एक तास मिळायचा म्हणून तपासताना त्रिज्या साठच ठेवली होती. साठचा गोळा सुरेख यायचा. परीक्षेत सगळ्यांचे एकशेवीसचे आणि माझा दीडशेचा, असा साधा सरळ बेत होता.

"मामा, गणिताला एकशेवीस काय आणि दीडशे काय, सारखंच."

"असंल," मामा म्हणाले. "पण मोठा केला की गोळ्याला शिंगं फुटत्यात. वर दोन, खाली दोन. मी बगितल्यात."

"कुठल्या मशीनवर?"

"सगळ्याच. सहा वर्सं गोळेच बगतोय की मी."

मी हसले. मामा सातवी पास होते. मी वर्गात पहिली होते.

"तसं न्हाई ताई," ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "आज काय तक्रार नगं हुती. माजी ऑर्डर टेबलावर हाय."

हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मामा आठ वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायचा कागद टाईप होऊन प्राचार्यांच्या टेबलावर पडला होता आणि प्राचार्यांनी सांगितलं होतं की बाहेरचे परीक्षक येऊन जाऊ देत, मशीनबद्दल एक तक्रार आली नाही की सही करतो. त्यासाठी मामांनी आठवडाभर बाराही मशीनची झाकणं उघडून ब्रशने धूळ काढली होती. थोरल्या मुलीची सोयरीकसुद्धा त्या सहीसाठी अडून बसली होती, कारण पाहुण्यांना सासरा कायम पाहिजे होता.

"काही होत नाही, मामा," मी म्हणाले आणि चार नंबरच्या मशीनवर जाऊन बसले.

बाहेरचे परीक्षक होते प्रा. उकिडवे. मोठ्या शहरातल्या जुन्या कॉलेजातले. त्यांनाही चपला काढायला लावल्यामुळे ते मुळातच नाराज होते, त्यात मोज्याला भोक. माझ्या आधी त्यांनी नऊ गोळे बघितले होते आणि नऊही गोळे एकाच आईच्या पोटचे होते.

"तुमचाही एकशेवीसच का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. दीडशे. आणि सर, मी स्वतः लिहिलाय."

"असं?" त्यांनी खुर्ची ओढली. "दाखवा."

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. गोळा वरून खाली, ओळीओळीने उमटत जातो, त्यामुळे पहिल्या ओळीला मध्यभागी एखादा ठिपका दिसावा अशी अपेक्षा. पहिल्याच ओळीत पार डावीकडे एक आणि पार उजवीकडे एक अशा दोन पांढऱ्याशुभ्र रेघा उमटल्या. मग दुसऱ्या ओळीत. मग तिसऱ्या. खाली येता येता त्या आखूड होत गेल्या, आणि त्यांच्या मधोमध गोळ्याचं टाळकं हळूहळू वर आलं.

उकिडवे सर बघत होते. मी बघत होते. मागे फडकं घेऊन उभे असलेले मामा बघत होते.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"गोळा, सर."

"मधला गोळा मला दिसतोय. हे दोन बाजूंना काय? शिंगं?"

मागच्या बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. मला आजवर कुणी हसलं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र माझ्या बॅगेत होतं, त्यात विशेष योग्यता मिळाली तर रुजू व्हा असं लिहिलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते पत्र आठवलं नाही. मला फक्त ते हसणं ऐकू आलं.

"सर, हे मशीनमुळे होतंय," मी म्हणाले. "चार नंबर जरा खराब आहे."

किती सहज निघालं तोंडातून. चार वर्षांत एवढं सफाईदार उत्तर मी कुठल्याच तोंडी परीक्षेत दिलं नव्हतं.

"सायेब, मी एक बोलू का?" मामा पुढे आले. "मशीन झाक हाय. दीडशे केलं की सगळ्याच मशीनवर असं हुतंय."

उकिडवे सरांनी मान वळवली. "आपलं शिक्षण?"

"सातवी."

"मग राहू द्या."

आता अख्खा वर्ग हसला. मीही हसले असणार. नक्की आठवत नाही, आणि हे आठवत नाही हे माझ्या फार सोयीचं आहे.

मामा मात्र हलले नाहीत. "सात नंबरवर लावून बगा की. पाच मिन्टाचं काम हाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "लावायचं का?"

पडद्यावर गोळा निम्मा झाला होता. सुंदर होता. डावीकडे उजळ, उजवीकडे अंधारत गेलेला, हात लावावासा वाटेल असा. सात नंबरवर लावला आणि तिथेही शिंगं आली तर चूक माझी, नाही आली तर मशीनची. यातलं काय होईल ते मला माहीत नव्हतं, पण मामांना माहीत होतं, आणि मामांना माहीत आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सर, माझी हरकत नाही," मी म्हणाले, "पण अजून अकरा जणांची परीक्षा व्हायचीय. आणि तुमची गाडी पाचची आहे ना?"

किती समंजस मुलगी. सर खूश झाले. त्यांनी प्रश्न विचारले, मी घडाघडा उत्तरं दिली. दिव्याची दिशा, पृष्ठभागाची दिशा, दोघांमधला कोन, सगळं. तोवर गोळा पूर्ण झाला आणि खाली ठरल्याप्रमाणे आणखी दोन शिंगं फुटली. पंचवीसपैकी तेवीस गुण मिळाले. अहवालात सरांनी लिहिलं, 'मशीन क्र. ४ सदोष. देखभाल असमाधानकारक.'

परीक्षा संपल्यावर सगळे गेले. मी जर्नल घ्यायला परत आले तेव्हा मामा सात नंबरसमोर उभे होते. त्यांनी माझी फ्लॉपी त्यात घातली होती. कोणती बटणं दाबायची हे त्यांना इतक्या वर्षांत बघून बघून पाठ होतं.

"या ताई," ते म्हणाले.

आम्ही दोघं पाच मिनिटं उभे राहिलो. वर दोन शिंगं आली, मधे गोळा आला, खाली दोन शिंगं आली. मामांनी ना मला दोष दिला, ना स्वतःची फुशारकी मारली. ते एवढंच म्हणाले, "सायेब अजून गेस्ट हाऊसवर जेवत्यात. तुमी सांगितलं तर ऐकतील."

"सांगते," मी म्हणाले. आणि मी खरोखर निघाले. उन्हातून, पायात चपला घालायची विसरून, निम्म्या वाटेवरून परत येऊन चपला घालून, पुन्हा निघाले.

गेस्ट हाऊसमध्ये उकिडवे सर पुरी आणि श्रीखंड खात होते. बाजूला आमचे प्राचार्य, हातात वाढायचा चमचा घेऊन.

"ही तुमची मुलगी हुशार आहे हं," सर त्यांना म्हणाले. "एकटीने स्वतः लिहिलंय. मशीन जरा बरी घ्या हो मुलांसाठी."

"घेतो, घेतो," प्राचार्य म्हणाले. "माणूसच धड नाही तिथला. काय गं, काय काम होतं?"

मी उंबऱ्यावर उभी होते. वाक्य तयार होतं. वाटेत तीनदा म्हणून बघितलं होतं.

"थँक यू म्हणायला आले होते, सर," मी म्हणाले.

लॅबच्या दारात मामा वाट बघत होते. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हनले?"

"बघतो म्हणाले."

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी आत जाऊन सात नंबरला टोपडं चढवलं.

मला विशेष योग्यता मिळाली. आमच्या गावी मंडळाने हार घातला, आणि ज्यांनी घातला त्यांना मी नेमकं काय शिकले हे माहीत नव्हतं. ते मलाही माहीत नव्हतं हे पुण्यात रुजू झाल्यावर कळलं.

तिथे दुसऱ्याच वर्षी एका कारखान्याच्या नटबोल्टच्या साठ्याचा आमचा प्रोग्राम बिघडला. कोठीत नट येत गेले, आकडा वाढत गेला आणि एका दुपारी पडद्यावर आलं, शिल्लक नट उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. माझ्या वरिष्ठ बर्वेबाई हसून म्हणाल्या, "अगं, छोट्या डब्यात एवढी मोठी संख्या भरलीस तर उलटणारच. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे हा डबा एकदम उणे होतो. हे तुम्हाला शिकवलं नाही का?"

मी कागद घेतला. दीडशेचा वर्ग अधिक दीडशेचा वर्ग. पंचेचाळीस हजार. एकशेवीसचा वर्ग अधिक एकशेवीसचा वर्ग. अठ्ठावीस हजार आठशे.

मला इतका आनंद झाला की मी बर्वेबाईंना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

त्याच सुमारास पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला कॉलेजात जायचं होतं. एसटीतून उतरले तर फाटकावर खाकी कपड्यांत गुरवमामा बसलेले. त्या अहवालानंतर त्यांना लॅबमधून काढून गेटवर बसवलं होतं. रोजंदारीवरच.

"ताई," ते उठून उभे राहिले. "लई दिसांनी."

त्यांनी मला स्टूल दिलं. मी लगेच सुरू झाले. कशी आहे तब्येत, मुलीचं काय झालं, हे नंतर. आधी म्हटलं, "मामा, शिंगं का येतात ते कळलं."

त्यांचे डोळे लकाकले. "का वो?"

मी सांगितलं. स्कूटरचा किलोमीटरचा आकडा जसा सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येतो, तसं. ठिपका मध्यापासून जितका लांब तितकी संख्या मोठी. एका मर्यादेबाहेर गेली की ती मशीनच्या छोट्या डब्यात मावत नाही आणि मशीन तिला उणे समजतं. उणे म्हणजे लहान, लहान म्हणजे त्रिज्येच्या आत. मग तो बाहेरचा ठिपका आपण गोळ्यातलेच आहोत असं समजून पांढरा होतो.

"चौकोनात लांबात लांब काय?" मी विचारलं.

मामांनी मातीत काडीने चौकोन काढला. मध्ये टिंब दिलं. काडी फिरवून बघितली. "कोपरं," ते म्हणाले. "म्हनून कोपऱ्यातच. आनी एकशेवीसला डब्यात मावतंय."

"बरोबर."

कित्येक वर्षांचं कोडं सुटल्याचा आनंद मी एवढ्या जवळून पुन्हा कधी बघितला नाही. ते स्वतःशीच हसत होते. मीही हसत होते. आम्ही दोघंच होतो जगात, ज्यांना त्या गोळ्याचं खरं काय ते कळलं होतं.

मग ते थांबले. "म्हंजे मशीन झाक हुतं."

"हो."

"मग तेवढं लिवून द्या की, ताई. म्या म्हनलेलं कोन ऐकत न्हाई. तुमी लिवलं तर ऐकतील. नवीन प्राचार्य आल्यात, बरं हायत."

त्यांनी फाटकावरच्या वहीतले दोन कोरे कागद सोडवून दिले. मी स्टुलावर बसून लिहिलं. काय सुरेख लिहिलं. संख्यांच्या मर्यादा, वर्गांची बेरीज, आकृतीसुद्धा काढली. सदर दोष कोणत्याही मशीनवर येऊ शकतो व त्याचा देखभालीशी काहीही संबंध नाही, असा शेवट केला. दोन्ही कागद भरले आणि त्यात मी कुठेच नव्हते.

मामांनी ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. वेळ लागला.

"झाक लिवलंय," ते म्हणाले. "आता तेवढं घाला. त्या दिशी सायेब जेवत हुते तवा तुमी त्यास्नी सांगितलं हुतं, ते. त्यांनी काय लिवलं न्हाई, ती त्यांची गोष्ट. पर तुमी सांगितलं हुतं, हे कागदावर पायजे."

दोन वर्षं त्यांनी हे धरून ठेवलं होतं. साहेब विसरले असतील, साहेब कामात असतील. पण ताईंनी सांगितलं होतं.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मामांची काळजी लागून राहणार नाही. तेरा महिन्यांनी ऑर्डर निघाली, ते परत लॅबमध्ये गेले आणि कायम होऊन निवृत्त झाले. मुलीची ती सोयरीक मात्र कधीच मोडून गेली होती. हे ऐकलं की लोक मला म्हणतात, चांगलं केलंस हो. मी काही चांगलं करायला गेले नव्हते. मी मामांना गणित समजावून सांगायला गेले होते.

पेन हातात होतं. खोटं लिहायला एक ओळ पुरली असती, आणि तेव्हा मामा मला देवाच्या जागी ठेवून मोकळे झाले असते. मला लाज वाटली. मोठी, तोंड लपवावं अशी. मी दुसऱ्या कागदाच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं, 'मशीन खराब आहे हे मी परीक्षकांना खोटं सांगितलं. ते खोटं आहे हे त्याच दिवशी कळल्यावरही मी ते कुणालाच सांगितलं नाही. गुरवमामांना मात्र, परीक्षकांना सांगितलं, असं खोटंच म्हणाले.'

कागद मामांकडे दिला. त्यांचं बोट त्या ओळींखालून सरकत गेलं. शेवटच्या ओळीवर थांबलं. मग ते पुन्हा पहिल्या शब्दापासून सरकत गेलं.

फाटकातून एक ट्रॅक्टर आत गेला. मामांनी उठून फाटक लावलं आणि परत आले.

"खाली सही करा," ते म्हणाले. या वेळी त्यांनी ताई म्हटलं नाही.